चंद्रीचं गाणं आणि मी कापलेला शेवट

हे लिहिताना संकोच वाटतो, कारण असले अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आलोय. गावात कुणाच्या अंगात आलं की मी म्हणायचो, आधी दवाखान्यात न्या. आजही तेच म्हणेन. पण हे माझ्या बाबतीत घडलंय, आणि मला त्याची अजून किळस येते... भुताची नाही, माझी.

माझं गाव निरवांगी, तालुका इंदापूर. नोकरीमुळं मी आणि बायको बारामतीत दोन खोल्यांत राहतो. आई-वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं चुलते-चुलतीनं, म्हणजे तात्या आणि काकूनं. घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळं. काकूला अक्षरओळख नव्हती, पण माझी पुस्तकं पुसून ठेवताना ती एकही पान दुमडू द्यायची नाही.

आमच्या कॉलेजच्या वर्गाचा मोबाइलवर ग्रुप आहे. दर रविवारी सकाळी एकानं आपलं आवडतं गाणं टाकायचं आणि त्यामागची गोष्ट लिहायची — गोष्ट स्वतःची हवी, एवढाच नियम. मार्चमध्ये माझी पाळी आली. सिनेमातलं गाणं टाकायचं मन होईना. मी काकूचं टाकलं.

त्याची गोष्ट अशी. आमच्या चंद्री म्हशीचं रेडकू मेलं आणि तिनं पान्हा सोडणं बंद केलं. तात्यांनी पेंड बदलली, पाठ चोळली, शिव्या दिल्या... काही उपयोग नाही. मग काकू तिच्या मानेला हात लावून गाऊ लागली — 'उतर गं चंद्रे, उतर गं बाई, धारंला बसली तुझी आई.' म्हैस पाणवली, आचळांत दूध उतरलं. पुढं काकूनं गायल्याशिवाय ती थेंब देईना. काकू आजारी पडली तेव्हा मी ते गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं, तात्यांच्या फोनमध्ये घालून दिलं, आणि म्हैस त्यावरही पाणवू लागली. काकूला जाऊन आठ महिने झाले. तिचा आवाज आजही गोठ्यात दोन वेळा घुमतो...

असं सगळं मी छान लिहिलं. शेवटी 'मी तिचा कायमचा ऋणी आहे' असंही लिहिलं. आणि वाट बघत बसलो, कोण काय म्हणतंय.

पहिला संतोषचा मेसेज आला. तो इंदापूरला असतो.

"जेवत होतो रे. शेवटचं तेवढं काढायचंस की."

"शेवटचं काय?"

"त्या ओकतायत ते. भाकरी तशीच ठेवून उठलो, बाबा."

तेवढ्यात मनीषानं लिहिलं, "माझा मुलगा विचारतोय, त्या आजी आजारी आहेत का. आणि मागं तूच बोलतोयस ना — 'काकू, परत एकदा म्हण'? त्यांना इतका त्रास होत असताना? कसा रे तू."

आता खरं सांगतो. ग्रुपला सांगितलं नव्हतं.

काकूला पोटाचं दुखणं होतं. पाणीसुद्धा ठरत नव्हतं. त्या दिवशी ती म्हणाली, "मला येकदा गोठ्यात न्या. चंद्रीला बघू द्या." मी म्हणालो, "कशाला उठतेस? मी रेकॉर्डिंग करतो, काम होईल." मला माझ्या युक्तीचा अभिमान वाटत होता. ती गायली, आणि गाणं संपता संपता घमेल्यात ओकली. हिरवं पाणी, त्यात रक्ताचे तंतू. त्याचा आंबूस वास खोलीभर झाला. मी एका हातानं नाक दाबलं, दुसऱ्या हातात फोन तसाच धरला आणि म्हणालो, "काकू, परत एकदा म्हण, शेवट बिघडला." तिनं मान हलवली. ती पुन्हा गाऊ शकली नाही. मी बिघडलेला शेवट कापला, मूळ रेकॉर्डिंग पुसलं, आणि कापलेलं तात्यांना दिलं. गोठ्यात काकू गेलीच नाही. बारा दिवसांनी वारली.

ग्रुपवर टाकलेलं मी पुन्हा लावलं. एक मिनिट दहा सेकंद. गाणं, मग शांतता. मला दुसरं काहीच ऐकू आलं नाही.

बायकोला ऐकवलं. गाणं संपलं तसा तिनं तोंडाला पदर लावला. "बंद करा ते," म्हणाली आणि मोरीकडे गेली. परत आली तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती. "तुम्ही त्यांना परत म्हणायला लावत होता?" एवढंच विचारलं. तिच्या नजरेत जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

कापलेला भाग हिला माहीतच नव्हता. मी कुणालाच सांगितला नव्हता.

दुपारीच गाडी काढली. तात्यांचा फोन रोज दोन वेळा तेच वाजवतो, तो बंद करायलाच हवा होता. निरवांगीला पोचलो तेव्हा संध्याकाळच्या धारेची वेळ झाली होती. तात्या बादली घेऊन चंद्रीखाली बसले होते. फोन खुंटीला पिशवीत अडकवलेला. गाणं वाजलं आणि थांबलं. चंद्री तशीच उभी, आचळं कोरडी. मग सात-आठ सेकंद गेले... आणि तिनं पान्हा सोडला.

"तात्या, शेवटी काही ऐकू येतं का?"

"येतं की."

"काय?"

"वकती ती. मग तू बोलतूस." त्यांचे हात थांबले नाहीत. "म्हस बी तवाच पाणवती. गाण्याला न्हाय."

"कधीपासून?"

"ती गेल्यापास्नं. त्याच्या आदी नुसतं गाणंच व्हतं."

बादलीतल्या त्या दुधाकडं बघवेना. आठ महिने तेच दूध दर आठवड्याला किटलीतनं आमच्या घरी येत होतं. मी पिशवीतनं फोन काढला. म्हणालो, "मी हे पुसतो. माझं चुकलं, तात्या. असलं घाण रोज कशाला ऐकायचं तुम्ही?"

"ठेव त्यो खाली."

"तात्या..."

"तुला घाण वाटतंय, मला न्हाय. ती खोलीत वकत हुती तवा मी हितं धार काढत हुतो. येकदा बी तिच्या पाठीवरनं हात फिरवला न्हाय." त्यांनी बादली बाजूला सरकवली. "आता ऐकतो. तेवढं तरी राहू दे."

मी फोन खुंटीला परत अडकवला.

गाणं सत्तर सेकंदांचं आहे, माझ्याकडेही आणि सगळ्यांकडेही. त्यापुढं आवाजाला जागाच नाही, तरी तो सगळ्यांना येतो. फोन मीच धरला होता आणि एकट्या मलाच येत नाही. का, ते मला सांगता येत नाही.