दत्तूमामांशिवाय अल्बम नाही

मिलिंदसरांची आणि माझी ओळख शिरूरमधल्या एका वरातीत झाली. सर टेम्पोवर कीबोर्ड वाजवत होते. त्या गदारोळातून सिंथेसायझरचा असा लखलखीत, गार सूर येत होता, की दौंडच्या कॉन्व्हेंटमध्ये असताना कॅसेटवर ऐकलेले इंग्रजी न्यू वेव्ह बँड मला आठवले. वरात मांडवाशी थांबल्यावर मी धीर करून विचारलं, "हे कुठं शिकलात?"

"कॅसेटी ऐकून. तुम्ही गाता का मॅडम?"

"शाळेच्या गायनवृंदात गात होते."

"मग रविवारी तालमीला या."

कारखान्यातली शिफ्ट सांभाळून सरांनी शिरूरच्या घोड नदीवरून नाव घेतलेला ‘घोडकाठ’ हा आमचा बँड उभा केला. वरातीत लोकांच्या आवडीची गाणी वाजवायची आणि रविवारी स्वतःची रचायची, हा त्यांचा नेम. शिफ्टची बस, कांद्याची चाळ, दौंडबाहेर आऊटर सिग्नलला ताटकळलेली गाडी, हे त्यांच्या गाण्यांचे विषय.

माझ्या आईला अर्धांगवायू झाला आणि माझं तालमीला जाणं थांबलं. पुढच्याच रविवारी सर सगळं सामान घेऊन दौंडला आमच्या दारात हजर! तो अख्खा हिवाळा तालीम आमच्याच घरी झाली. आईला त्रास नको म्हणून सर अगदी हळू वाजवायचे. शेवटी आईच आतून ओरडली, "अरे, आवाज वाढवा की!"

गेल्या वर्षी निवृत्त होताच सरांनी ‘आऊटर’ हा अल्बम करायला घेतला. पुण्यातल्या स्टुडिओत मात्र घोडं अडलं. आमचे ड्रमर दत्तूमामा जन्मभर नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून वाजवत आलेले. इथं समोर भिंत आणि हेडफोनमध्ये तालाची टिकटिक. "कानात पाल चुकचुकतीय नुसती," मामा वैतागले. ठेका सारखा चुकत राहिला. ध्वनिमुद्रण करणारा अनिश अदबीनं म्हणाला, "सर, ड्रम मशीनवर घेऊ या? या संगीतात चालतंच."

मामांनी काठ्या पिशवीत घातल्या. "बरोबर हाय पोराचं. माझ्यापायी अल्बम कशाला अडवता?"

"मामा, बसा खाली," सर म्हणाले. "तुम्ही न्हाई, तर अल्बम न्हाई."

मग त्यांनी अनिशला टिकटिक बंद करायला लावली आणि आमच्याकडे वळले. "चपला काढा. मामांना पाय दिसले पायजेत. नाचा."

"या वयात?" मी म्हटलं.

"वरातीत कुणी वय इचारतं व्हय?"

माइकमध्ये आवाज जाऊ नये म्हणून आम्ही गालिच्यावर अनवाणी, तोंडातून अवाक्षर न काढता नाचलो. मामांनी काठ्या पुन्हा बाहेर काढल्या. एकामागून एक गाणी होत गेली. शेवटचं गाणं ऐकून अनिश म्हणाला, "सर, शेवटी वेग वाढलाय."

"वाढणारच. नवरदेव मांडवात पोचला."

तो वेग सरांनी तसाच ठेवला. ‘आऊटर’ आता तयार आहे आणि त्यातला ड्रमचा प्रत्येक ठोका मामांच्या हातचा आहे. साठी गाठलेल्या सरांनी दुसऱ्या अल्बमची तालीम ठरवूनही टाकली आहे. त्यांची बोटं अशीच चपळ राहोत, प्रकृती ठणठणीत राहो आणि आम्हा सगळ्यांना सोबत घेऊन त्यांनी शंभरी गाठावी.