वेशीच्या आत अडकलेला एक्स-रे

"तुमच्या उजव्या फुप्फुसावर डाग दिसतोय," मुंबईतले डॉक्टर म्हणाले. लेकीचं पहिलं बाळंतपण करायला मी ऑस्ट्रेलियाला निघाले होते. सातवा लागायच्या आत पोचायचं ठरलेलं. बरेच महिने राहायचं, म्हणून व्हिसासाठी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला होता.

वीस वर्षांपूर्वी मला टीबी झाला होता, औषधं घेऊन बरी झाले, हे मी सांगून टाकलं. ते म्हणाले, तेव्हाचा एक्स-रे चार दिवसांत आणा, डाग तेवढाच असेल तर तसं लिहून देता येईल. नाहीतर स्पुटम कल्चर, म्हणजे थुंकीत जंतू वाढतात का ते बघायचं. त्याला दोन महिने.

जुना एक्स-रे आचऱ्याला घरी, ट्रंकेत. बऱ्या झालेल्या दुखण्याचं लटांबर कशाला न्यायचं, म्हणून मीच ठेवून आले होते. शहाणी ना मी!

परतले तर गावपळण सुरू झालेली. देवाचा कौल झाला की आमचा आख्खा गाव तीन दिवस घरंदारं सोडून वेशीबाहेर झोपड्यांत राहतो. घरच्यांनी कोंबड्यासुद्धा नेल्या होत्या. ट्रंक तेवढी घरात, आणि परतायचा कौल मिळेपर्यंत वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही.

नवरा म्हणाला, "तुका जावचा आसा तर जा. माझा काय म्हणना नाय."

घर चालत अर्ध्या तासावर. मी गेले नाही. लेकीच्या पोटातल्या जिवाला काही बाधलं तर, या भीतीने पाऊलच उचलेना. चौथ्या दिवशी परतायचा कौल मिळाला नाही, पाचव्या दिवशी मिळाला. डॉक्टरांना फोन केला तर कल्चर लिहून झालं होतं. परत मुंबई गाठली, तीन सकाळी थुंकी दिली आणि वाट बघत बसले.

सहाव्या आठवड्यात लेकीला अवेळी कळा आल्या. नात दोन दिवस जगली. मी तिला मोबाइलवर पाहिलं, काचेच्या पेटीत, मुठी आवळलेली.

मग रिपोर्ट आला. जंतू नव्हते, मी ठणठणीत होते. कागद घेऊन पडवीत बसले आणि पोटभर रडले.

मी असते तर नात वाचली असती, असं नाही. पण लेक एकटी पडली नसती. देवाला बोल लावत नाही, भीती माझीच होती. तुमच्यावर अशी वेळ आली तर जुनी फाइल आधी पिशवीत भरा, एवढंच सांगते.

लेकीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आये, माका न्हाऊक घालूक तरी ये."

परवा निघतेय. बॅगेतली दुपटी काढून ठेवली. खोबरेल तेलाची बाटली राहू दिली.