आज्यानं बांधलेली बारव

माझ्या सासरी संशयाला फार मान होता. दूधवाला असो, डॉक्टर असो, कोणी घरात आलं की सासूबाई आधी त्याच्या हातांकडे पाहत. माझं लग्न होऊन वर्ष झालं तरी तुपाची बरणी उघडताना त्या माझ्याकडे पाठ करत. मला राग यायचा. पण खरं सांगायचं तर त्या घरात राहून मीही तशीच झाले.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची ही गोष्ट. वाशीमहून मंगरूळपीरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचा मळा होता, आणि मळ्यात काळ्या दगडाची बारव. पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या, कोनाड्यांत झिजलेल्या मूर्ती. ती कोणी बांधली हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईनं जमीन घेतली तेव्हा बारव तिथं होतीच. दुष्काळातही ती आटली नाही. तिच्या पाण्यावर आमची वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकायची, आणि त्यावर घर चालायचं.

एका सकाळी मळ्यात जीप आली. पुरातत्त्व खात्याचे एक साहेब उतरले. शिरपूरचं जुनं देऊळ पाहायला आले होते, तिथून इकडे वळले. ते पायऱ्यांना टेप लावत होते, फोटो काढत होते आणि सांगत होते, की सरकार जुन्या वास्तूंना कायद्याचं संरक्षण देतं, मग त्यातला दगडसुद्धा कोणाला हलवता येत नाही.

"दगडाचं निस्तं नाव हाये," सासूबाई माझ्या कानाशी लागल्या. "धन पाह्यजे त्याले. खाली हंडे असतीन. आन् आपलीच बारव कशी सापडली? कोनं बोट दाखोलं?"

बोट कोणी दाखवलं असेल हे मला लगेच कळलं, निदान तसं वाटलं. धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधाच्या पल्याड, सासऱ्यांच्या चुलतभावाचं शेत होतं. एरवी आमच्या मळ्यात पाऊल न टाकणारा हा माणूस त्या दिवशी हात मागे बांधून सगळ्यात पुढं उभा होता.

बारव किती जुनी, नंतर कोणी काही बांधलं-बदललं का, पाणी कोण घेतं, असं साहेब विचारत गेले. जी जुनी आहे आणि फारशी बिघडलेली नाही, तीच त्यांना हवी होती. सासऱ्यांनीही ते ओळखलं, आणि बारव सरकारकडे गेली की पाणीही गेलं असं धरून चालले.

"जुनी कायची, सायेब? माह्या आज्यानं बांधली हे."

साहेबांनी एका मूर्तीवरून बोट फिरवलं. "आजोबांनी? ह्या मूर्तीसुद्धा?"

"आज्याले हौस व्हती."

जमलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. सरकार गावात शिरू नये यावर आमच्या गावाचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. मी तोंडाला पदर लावला.

जाताना साहेबांनी पाणी मागितलं. तांब्या परत देताना ते हळूच म्हणाले, "पाणी घ्यायला आम्ही मना करणार नव्हतो हो. घरी सांगा." मी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "पानी पेता पेता कोनीबी गोड बोलते." मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी चुलतसासरे बैलजोडी आणि मोट घेऊन बारवेवर हजर.

"हे काय?" सासरे ओरडले.

"आज्यानं बांधली म्हन्तं नं? मंग आजा काय तुया एकट्याचा व्हता?"

"अरे, ते सायबाले सांगाचं म्हनून सांगतलं!"

"म्हंजे सरकारपुढं खोटं बोलला? जाऊ काय सांगाले?"

पंच बसले, पण पंचांनीही आदल्या दिवशी माना हलवल्या होत्या. आता त्या फिरवायच्या कशा? अर्धं पाणी गेलं. चैत्रात आमची वांगी उभी वाळली, आणि धुऱ्यापलीकडे हिरवंगार.

पण पाण्यावर भागलं नाही. 'आपल्या' बाजूच्या पायऱ्या काढून चुलतसासऱ्यांनी गोठा बांधायला घेतला. मूर्ती गोठ्याच्या पायात पालथ्या घातल्या. दगड निघाले तशी ती बाजू खचू लागली, माती पाण्यात पडू लागली. उरलेलं पाणीही जाणार हे दिसत होतं. ज्यांना सासूबाई दर सणाला कुंकू लावायच्या त्या मूर्ती गाईच्या पायाखाली गेल्या, म्हणून सासूबाई ढसाढसा रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

पुढल्या वर्षी तेच साहेब शिरपूरला आल्याचं कळलं. सासू-सासरे आणि मी एसटीनं गेलो.

"सायेब, बारव लई जुनी हाये," सासरे हात जोडून म्हणाले. "घ्या तिले कायद्यात. माहा चुलतभाऊ दगड काढून राह्यला."

"मागच्या वर्षी तर तुमच्या आजोबांनी बांधली होती."

"भेव वाटलं, सायेब. खोटं बोललो."

साहेब बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिले. आम्ही त्यांच्याकडे जसं पाहिलं होतं, अगदी तसं.

"मूर्ती जागेवर आहेत?"

"नाई, सायेब."

"कोणाला विकल्या?"

साहेबांची नजर आमच्या हातांवर होती. सासूबाई पुढं झाल्या आणि त्यांनी आपले दोन्ही तळहात साहेबांसमोर उघडून धरले.