पोतारलेल्या भिंती

फौजेत मी वैद्यकीय दलात हवालदार होतो. काम डास, पाणी, मच्छरदाण्या तपासायचं. ईशान्येकडच्या एका पोस्टवर रोज सायंकाळी सहाला फॉलइन, सगळे रांगेत. बाह्या खाली, मच्छरदाणी ठीक, रजिस्टरात सही. तिथे लान्स नायक हरपाल मलेरियाने गेला. वाऱ्यासाठी त्याने मच्छरदाणीची एक कड वर खोचली होती. त्या दिवशी मी ती तपासली नव्हती. सही मात्र केली होती.

निवृत्तीनंतर मेडशीला घरी आलो आणि हंगामापुरतं फवारणी पथक सांभाळू लागलो. पाच माणसं, दोन पंप. किन्हीराजाजवळच्या एका वस्तीत वाळूमाशीचं काम होतं. ही माशी डासाहून बारीक. भिंतीच्या भेगांत राहते, लहान मुलांना मेंदूज्वर देते. घरं एकतीस. सकाळी सातला सुरुवात, दुपारी दोनला शेवटचं घर. प्रत्येक दारावर गेरूने तारीख.

"फौजी, बंदूक सोडून पंप धरला काय?" वस्तीतल्या कांतामावशी हसल्या.

"माशीले पंपच लागते, मावशी."

पोळा झाला. चौथ्या दिवशी सकाळी नऊला त्या वस्तीच्या आशाताईंचा फोन आला.

"भाऊ, कांतामावशीची नात श्रावणी. सहाले ताप आला. आता झटके येऊन राह्यले."

"गाडी?"

"निंगाली. माय सोबत हाये."

"घरात आणखी लेकरू?"

"धाकली पिहू. तीन वर्साची."

"तिचा ताप मोजा. दर तासाले. मी निघालो."

मी वाटेत असतानाच दुसरा फोन आला. श्रावणी दहा चाळीसला गाडीतच वारली होती.

मावशींना अजून कळलं नव्हतं. पिहूला मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. दारावर माझी तारीख होती. आत भिंती गुळगुळीत, शेणामातीने नव्या पोतारलेल्या. औषध त्या थराखाली गेलं होतं. शेजारची सहा घरं पाहिली. सगळी तशीच.

"मावशी, भिंती काहून पोतारल्या?"

"पांढरे डाग पडले होते. वासबी ये. सनाले पाव्हने येतात, भाऊ."

"औषध झाकलं गेलं."

"तुमी भांडे झाका म्हनले, पीठ झाका म्हनले. पोतारू नका म्हनले नाई."

खरं होतं. बराकीत भिंत कोणी पोतारत नाही. मला ते सुचलंच नव्हतं.

मग मी त्यांना श्रावणीचं सांगितलं.

तीनला पुन्हा फवारणी सुरू केली. मावशींनी स्वतः भांडी बाहेर काढली. चारला पिहूचा ताप ९९.२. पाचला ९९.८. सहाला थर्मामीटर हातात धरून मी उभा राहिलो, काखेत लावायला धीर होईना. आशाताईंनी लावलं. ९९.४. सातला ९८.६. दोन दिवस मोजत राहिलो. पुन्हा चढला नाही.

आता घरात शिरताना पहिलं वाक्य ठरलेलं आहे: पावसाळा सरेपर्यंत भिंत पोतारायची नाही. त्या वस्तीत ते मावशी सांगतात. पुढच्या पोळ्याला त्यांच्याकडे जेवायला होतो. भिंतीवर पांढरे डाग तसेच होते. एका पाहुण्याने टोमणा मारला, "मावशी, औंदा पोतारलं नाई वाट्टे?"

"मांगच्या साली पोतारलं, अन् श्रावणी गेली नं, भाऊ," मावशी म्हणाल्या आणि त्याला पोळी वाढली.

मला हरपालची खोचलेली कड आणि माझी सही आठवली. जेवण होईपर्यंत मी मान वर केली नाही.