रोज एक वाक्य, मग टाळ्या

कंपनीतली आमची लाइन वाचवायची तर इंग्रजी शिका, असं मॅनेजरनी सांगितलं. परदेशी गिऱ्हाईक पाहणीला येणार होतं. माणसं बोलती दिसली की ऑर्डर टिकेल, ऑर्डर टिकली की आम्ही तेवीस जण टिकू. चाकणच्या त्या कंपनीत मी बारा वर्षं ब्रेकचे पाइप वाकवत होतो. पाइप वाकवायला इंग्रजी लागत नाही, पण अडला हरी गाढवाचे पाय धरी.

मग शिफ्टच्या आधीच्या पाच मिनिटांच्या मीटिंगमध्ये रोज तिघा-चौघांनी पुढे येऊन एकेक इंग्रजी वाक्य बोलायचं ठरलं. वाक्यात 'गेट अप', 'टर्न ऑफ', 'रन आउट' असं जोडीचं क्रियापद हवं, कारण साहेब लोक तसंच बोलतात, असं शिकवणाऱ्या मॅडमचं म्हणणं. वाक्य चुकलं तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्याने धीर येतो म्हणे.

"आय गेट अप अ‍ॅट फाइव्ह." टाळ्या. "माय वाइफ टर्न ऑफ द फॅन." टाळ्या. मी मोशीहून येताना गाडीवरच वाक्य घोकायचो. पेट्रोल संपल्याचं तर चार वेळा खपवलं.

शेजारच्या मशीनवर जवळच्याच गावातले एक दादा होते. ते तळहातावर वाक्य लिहून आणायचे. "मला न्हाई जमायचं हे, भावा," म्हणायचे, "पण पोरगी नर्सिंगला हाय. अजून दोन वर्षं लाइन चालली पायजे." एकदा त्यांनी "आय नॉट गिव्ह अप" म्हटलं, तेव्हा सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यांना पडल्या.

गिऱ्हाईक आलं, हसलं, गेलं. महिन्याभराने मीटिंगला मॅडमऐवजी मॅनेजर उभे राहिले. कागदावरची नजर न काढता म्हणाले, "वुई आर शटिंग डाउन धिस लाइन."

आम्ही टाळ्या वाजवल्या.

वाक्य सगळ्यांना कळलं होतं. पण हात आधी गेले, अर्थ मागून आला. टाळ्या एकेक करून विझल्या. मग मॅनेजरनी तेच मराठीत सांगितलं, त्याची काही गरज नव्हती. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. काहीच वाटलं नाही. मी नुसता खिशातली गाडीची किल्ली चाचपत राहिलो.

त्या दिवशी वाक्य बोलायची पाळी दादांची होती. त्यांना कुणी बोलावलं नाही. मशीनपाशी येऊन ते थुंकी लावून तळहात पुसायला लागले.

"काय होतं, दादा?" मी विचारलं.

त्यांनी हात माझ्यापुढे धरला. शाई पसरली होती, तरी वाचता येत होतं. माय डॉटर विल लुक आफ्टर पेशंट्स.

वाक्य बिनचूक होतं, त्यांचं पहिलंच. भोंगा झाला. मी एक पाइप उचलून मशीनमध्ये लावला.