सर्व्हरच्या कपाटावरचं कुंकू

तो इंजिनीअर ओल्या फडक्यानं सर्व्हरच्या कपाटावरचं कुंकू पुसत होता. भंगारात द्यायचं म्हणे. दर खंडेनवमीला ते मीच लावलेलं. आमच्या औषधांच्या कंपनीची सगळी माहिती त्या कपाटात, आणि त्या खोलीची राखण माझ्याकडे. एसी चालू ठेवायचा, उंदीर शिरू द्यायचा नाही.

"सगळं क्लाउडवर गेलं, तात्या," तो म्हणाला. "चारच मिनिटं काम थांबलं. कुणाला कळलंसुद्धा नाही!"

हे कौतुक झालं होय? आमच्या गावात पिठाची गिरणी बंद पडली तरी बायका दारात येऊन विचारतात. इतकी वर्षं राबलेलं यंत्र जातं आणि कुणी मान वर करत नाही, यात मिरवायचं काय? मी चारच बुकं शिकलेला, पण एवढं मला कळतं. त्या क्लाउडला खंडेनवमीला कुंकू कुठं लावायचं, ते मात्र या शिकलेल्यांतल्या एकालाही सांगता येईना.

तेवढ्यात साहेब आले. "तात्या, इथलं काम संपलं. उद्यापासून गेटवर बसा."

"गेटवर दुसरा बघा," म्हटलं.

मागचं दार जवळ होतं. मी पुढच्या दारानं निघालो, सगळ्यांच्या टेबलांमधून, वहाणा वाजवत.