काळी एक

आधीच सांगते, मी अमावास्येला नखं कापणारी बाई आहे. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देते आणि पुढे चालू लागते. दृष्ट काढणं, उतारा टाकणं यातलं आमच्या घरात कधी काही झालं नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर भाजी निवडताना, हसत वाचत आले. आता माझ्यावर कोणी हसलं तर माझी तक्रार नाही... पण पूर्ण वाचा आणि मग हसा.

आम्ही घाटकोपर पूर्वेला राहतो. जुनी सोसायटी, दुसरा मजला, वन रूम किचन. घरात तीन माणसं होती — आई, माझा मोठा भाऊ आणि मी. दादाने लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही. दादा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. लाल इलेक्ट्रिक गिटार, जपानी, आम्हा दोघांपेक्षाही वयाने मोठी. त्याने ती कॉलेजात असताना कोणाकडून तरी जुनी घेतली होती. उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग जिथे टेकायचा, तिथला लाल रंग पार उडून खालचं लाकूड दिसायला लागलं होतं. तळहाताएवढा डाग.

आई सोसायटीच्या भजनी मंडळात गायची. दर मंगळवारी चार ते सहा, आमच्याच बाहेरच्या खोलीत. एकदा त्यांचा पेटीवाला आला नाही म्हणून दादा गिटार घेऊन बसला. बायकांनी आधी नाकं मुरडली — टाळ-चिपळ्यांत हे लाल धूड कशाला? पण पुढची वीस वर्षं तोच वाजवत होता. मला दोघांनी कधी बोलावलं नाही. मला सूर नाही, हे घरात लहानपणीच ठरून गेलं होतं. मी आपली चहा करायची.

गेल्या वर्षी दादा गेला. बोरीवलीला एका हॉलवर साउंड चेक करताना खाली बसला, तो उठलाच नाही.

आईने रडून घेतलं, तेरावं केलं, आणि मग हळूहळू बंद पडत गेली. आधी बोलणं थांबलं. मग ओळखणं. मग जेवणं. डॉक्टर म्हणाले विसरण्याचा आजार आधीपासून असणार, या धक्क्याने वर आला. दिवसभरात जेमतेम चार घोट दूध-पाणी जायचं; चमचा तोंडाशी नेला की ती ओठ घट्ट मिटायची. मी हात जोडले, ओरडले, एकदा तर तिच्या गालावर चापट मारली. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितेय. शेवटी डॉक्टरांनी सांगून टाकलं, आणखी दहा दिवसांत पोटात धड अन्न गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. त्या नळीची मला भयंकर भीती वाटत होती. नळी म्हणजे आई परत येणार नाही, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, माझी काडी ती गिटार. मला वाटलं, गिटार अगदी नवी करून आणली, आईने ती पहिल्यांदा पाहिली होती तशी लालचुटूक, तर काहीतरी हलेल. म्हणून वाकोल्याच्या परबकाकांकडे घेऊन गेले. परबकाका म्हणजे वरातीत वाजवणाऱ्या बेंजो पार्ट्यांची वाद्यं दुरुस्त करणारे, मालवणचे. दादाची गिटार पंचवीस वर्षं त्यांनीच सांभाळली होती.

त्यांनी गिटारची केस उघडली आणि बराच वेळ त्या डागावर नुसता अंगठा फिरवत राहिले. गंजलेल्या तारांचा ताण मानेवर नको म्हणून सगळ्या ढिल्या केल्या. तारा पिळायच्या दोन खुंट्या इतक्या गंजल्या होत्या की तेल घालून पक्कड लावावी लागली. हे सगळं मी समोर उभं राहून पाहिलंय, म्हणून नीट सांगतेय.

मग त्यांनी समजावलं की रंग द्यायचा तर आधी सगळं घासून काढावं लागेल. गिटार झकास दिसेल. पण हा डाग जाईल, आणि तो परत आणता येत नाही. "तुझ्या भावाचो हात हा तो," ते म्हणाले. "आठ दिवस विचार कर गो. मगे ये."

आठ दिवस! माझ्याकडे दहाच होते. चिडून घरी आणली.

त्यानंतरचा मंगळवार. दुपारचे चार. आईला सांभाळणाऱ्या मावशी दोनलाच घरी जातात, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. मी गिटार आईच्या पलंगावर ठेवली आणि फडक्याने पुसायला लागले. तारा वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबत होत्या, फडकं त्यात अडकत होतं. आईचा हात उचलून त्या डागावर ठेवला आणि विचारलं, "आई, नवी करून आणू का गं? रंग देऊ?"

मी दोनदा, तीनदा विचारलं. मग आईने मान वळवली — माझ्याकडे नाही, पलंगाशेजारच्या स्टुलाकडे. आणि चार महिन्यांत पहिल्यांदा बोलली. अगदी स्वच्छ आवाजात.

"काळी एक, रे."

मी रडले. तिला मिठी मारून वेड्यासारखी रडले. आईने रंग सांगितला होता! लाल नको, काळी हवी. गिटार काळी करून आण. मला 'रे' म्हणाली हे ऐकलं होतं मी, पण वाटलं, आता तिला मुलगा-मुलगी तरी कुठे कळतंय. मी ताबडतोब केस बंद केली आणि शिडी लावून माळ्यावर टाकली, म्हणजे मावशींच्या झाडण्यापुसण्यात तिला धक्का लागायला नको.

आईने त्या दिवशीही काही खाल्लं नाही. पुन्हा बोललीही नाही.

गुरुवारी केस उतरवली ती थेट वाकोल्याला. परबकाकांना म्हटलं, ठरलं, काळा रंग द्या, आईने सांगितलंय. त्यांना ते काही पटेना. त्यांनी विचारलं, आईचे नेमके शब्द काय? मी सांगितले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. केस उघडली. आणि हात तसाच वर राहिला.

तारा ताणलेल्या होत्या. सहाच्या सहा.

टेबलावर दुरुस्तीला आलेला कीबोर्ड होता, त्यांनी त्याची पहिली काळी पट्टी दाबली. आणि दुसऱ्या हाताने गिटारची सगळ्यात जाड तार छेडली. मला सूर कळत नाही. पण तो एकच आवाज होता, हे मलाही कळलं.

"कोणाकडून लावून घेतलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोणाकडून नाही, माळ्यावर होती. त्या दोन खुंट्या त्यांनी हाताने फिरवून पाहिल्या. हलेनात.

मग ते स्टुलावर बसले. "अगो, ता रंगाचा नाय," ते म्हणाले. "आवस गाण्याची पट्टी सांगता तुझी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर मंगळवारी, वीस वर्षं, मी ओट्याशी चहा गाळत असताना बाहेरच्या खोलीत भजन सुरू व्हायच्या आधी आईचा आवाज यायचा — काळी एक. तिचा सूर. दादा त्याच स्टुलावर बसून सगळ्या तारा तिच्यासाठी खाली उतरवून लावायचा. आणि पट्टी सांगतात ती वाजवणाऱ्याला. चहा करणारीला नाही.

परबकाका म्हणाले, मी हिला हात लावणार नाही, घरी ने. मी रिक्षात केस मांडीवर आडवी घेऊन बसले.

घरी आल्यावर गिटार पलंगावर ठेवली. मला वाजवता येत नाही. नुसता अंगठा जाड तारेवरून फिरवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आईचे ओठ हलले. आवाज नव्हता, मग आला. घोगरा, फाटका, पण सूर सोडला नाही तिने. एक ओळ म्हटली आणि स्टुलाकडे बघून थांबली, जशी वाजवणाऱ्यासाठी जागा सोडतात. मी पेजेची वाटी घेतली. तिने तोंड उघडलं. अकरा चमचे खाल्ले.

नळी घातली नाही. रोज चारला मी अंगठा फिरवायचे, आई एक-दोन ओळी गायची आणि मग जेवायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बाकी सगळं गेलं तरी गाणं राहतं. ठीक आहे, आईचं मी मानते. तारांचं काय? कोणी म्हणेल, मुंबईची हवा दमट, लाकूड फुगलं. लाकूड फुगून सहा तारा सुरात लागतात का? परबकाका म्हणाले होते, एवढ्या गंजक्या तारा चार दिवसांत उतरतील. तीन महिने उतरल्या नाहीत.

त्या तीन महिन्यांत आईने मला एकदाही हाक मारली नाही. गाताना नजर स्टुलावरच. खरं सांगू? मला राग यायचा. भरवणारी मी, धुणंपुसणं करणारी मी, आणि ती मात्र त्याच्याकडे बघून गातेय! मग त्या रागाचीच लाज वाटायची.

एका दुपारी आई पेज खाऊन झोपली आणि झोपेतच गेली.

तेरावं झाल्यावर केस उघडली. तारा ढिल्या होत्या, पहिल्यासारख्याच लोंबत.

रंग दिलेला नाही, देणारही नाही. त्या डागावर कधी कधी हात ठेवते. गार लाकूड, बाकी काही नाही. चार वाजता चहा होतो, सवयीने दोन कप होतो. मंगळवारी केस उघडते. एकदा लाज सोडून स्टुलाकडे बघून म्हणूनही पाहिलं, "दादा, काळी एक, रे." अर्धा तास बसून राहिले. काही झालं नाही.

कसं झालं, कोणी केलं, मला आजही कळलेलं नाही. ती पट्टी आईची होती, म्हणून असेल. माझी पट्टी कुठली हे मला माहीत नाही. त्या घरात मला ते कोणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला कोणी नाही.